रिकामा बर्फ

नवरा आला नाही.
"बर्फ बघायला पैसे मोजू?" म्हणाला.
तीस वर्षं हर्णैच्या बर्फ-फॅक्टरीत
आकडीनं लाद्या ओढतोय तो,
अमोनियानं डोळे कायमचे लाल.
मग बचत गटातल्या आम्ही सात जणी गेलो,
पालखी घरी येऊन गेल्यावर,
लिलावाचे नऊ दिवस बुडवून.
त्यातला एक दिवस गुलमर्गचा.

गाइड पोरगेलाच होता, फिरदौस नाव.
भाड्याचे बूट दिले, भाड्याचा कोट,
कोटाच्या खिशात कुणाच्या तरी
चॉकलेटचा चुरगळलेला कागद.
"चार वाजता खाली यायचं, मौसी.
गाडी थांबणार नाही."
भरती-ओहोटीसारखं बोलला.
आम्हाला लगेच समजलं.

दोराला टांगलेल्या पेटीत बसवून वर नेलं.
यमुनाकाकीनं डोळे मिटून एकवीरेला हाक घातली.
फयानच्या रात्री नवरा बाहेर होता
तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं जिनं,
ती यमुनाकाकी.

वर पोचल्यावर मी पहिल्यांदा काय केलं?
हिशेब.
सवयच ती.
एवढ्या उतारात किती लाद्या,
किती खोके भरतील, किती होड्यांचं म्हावरं झाकेल.
पाजपंढरीपासून बुरोंडीपर्यंतची
सुरमई, हलवा, पापलेट, बांगडा,
सगळं त्या एका टेकाडात मावलं असतं
आणि वर थोडा सरबताला उरला असता.

मग हात घातला, कोपरापर्यंत.
खाली काहीच लागेना.
खवलं नाही, शेपूट नाही, तांबडं पाणी नाही.
हुंगला. वास नाही.
चाखला. मीठ नाही.
पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा
रिकामा बर्फ बघत होते.
कुणासाठीच नव्हता तो.
नुसताच पडला होता.

पायांना फळ्या बांधलेली पोरं
वरून सळसळत येत होती, वळसे घेत,
आणि त्यांच्या मागे रेघ उरत होती.
होडीमागे रेघ उरत नाही.
मी बराच वेळ त्या रेघाच बघत बसले.
सुमन चोगलेनं हट्टानं फळ्या बांधून घेतल्या
आणि पाटीतून बोंबील निसटावा तशी
तीनदा गेली.
हसून हसून आम्हाला धाप लागली,
हवाच पातळ तिथली.

मला घसरगाडीवर बसवून ओढणारा
बशारत, माझ्याच वयाचा.
दोर खांद्यावर, तोंडातून वाफ.
माझं वजन मला माहीत आहे.
"उतरते, चालते मी," म्हटलं
तर तो घाबरला. पैसे कापेन असं वाटलं त्याला.
मग गप्प बसून राहिले,
लाज मांडीवर घेऊन.

चहाच्या टपरीवर त्याचे हात दिसले.
बोटांच्या पेरांवर चिरा,
अगदी त्याच जागी,
जिथं आमच्या घरातल्या माणसाच्या.
बटव्यात भिरंडेलाचा गोळा होता,
थंडीनं दगड झालेला.
सुरीनं अर्धा कापून दिला.
त्यानं हुंगला, विचारलं, "खायचं?"
मी माझ्या हातावर चोळून दाखवलं.
हसला. खिशात टाकला.
लावला की फेकला, देव जाणे.
चार वाजत आले होते.

परत आले त्या संध्याकाळी
बैलगाड्या छातीभर पाण्यात, सुवर्णदुर्गावर ऊन,
मीनाक्षीचा आवाज लिलावात चढलेला.
नवऱ्यानं लादी फोडली,
भुगा सुरमईच्या उघड्या डोळ्यांवर ओतला.
"कसा होता मग?"
"रिकामा," म्हटलं.
त्याला वाटलं, मी पैसे फुकट गेल्याचं सांगतेय.
मान हलवली, जिंकल्यासारखी.

रात्री त्याच्या चिरांना भिरंडेल लावत होते.
"गोळा अर्धाच कसा?"
"डोंगरावर गेला," म्हटलं.
त्यानं पुढं विचारलं नाही.
दुसरा हात पुढं केला.