कागदाची मागची बाजू

पुंता अरेनासला एप्रिलात लवकर अंधारतं,
म्हणून उजेडी या असं मी गिऱ्हाइकांना बजावते.
एलेउतेरिओ बार्रिआ तरी पाच वाजून गेल्यावर आला,
अंगाला मेंढवाड्याचा वास,
खिशात इस्पितळाची चिठ्ठी:
मुलगी. दोन एप्रिल. सूर्य उगवताना.

बाबांचं कोष्टकांचं पुस्तक स्प्लिटहून बोटीने आलेलं.
त्यात त्रेपन्न अंश आहेत, पण उत्तरेचे.
आमच्या बाजूचं पान कुणी छापलंच नाही.
समासात बाबांची पेन्सिल:
बारा तास मिळव.
येईल ती रास सोड, समोरची धर.
म्हणजे आधी चुकायचं,
मग चूक उलटी करायची, की बरोबर येतं.
चाळीस वर्षं मी याच वाटेने जाते आहे.

मी म्हटलं, मेष. लग्नही मेष, रवीही मेष.
आणि पुस्तकातलं वाचून दाखवलं:
वितळणारं बर्फ, पहिला कोंब,
थरथरत्या पायांवर उभं राहिलेलं कोकरू.

एलेउतेरिओ हसला. बाहेर लेंगाची झाडं
तांबडी होऊन पानं टाकत होती.
"कोकरू? आत्ता?
मेंढे अजून वेगळ्या कुंपणात आहेत, बाई,
मे उजाडला की त्यांना सोडू.
कोकरं ऑक्टोबरात."

ऑक्टोबर म्हणजे तूळ. पुस्तकात तेव्हा
धान्य मोजून कोठारात भरतात.
आमच्याकडे तेव्हा मोजायला वारा असतो.

नातालेसला एक गृहस्थ आहेत,
ते सरळ सगळ्या राशी फिरवून टाकतात:
मेषेची तूळ, कर्केची मकर.
मीही एक वर्ष करून पाहिलं.
माझा भाऊ आन्ते एप्रिलचा.
त्याला तुळेत बसवला,
तर त्याने तराजूच मोडला.

चंद्राचं तेवढं बरं आहे.
उत्तरेत त्याला खोटारडा म्हणतात, इथे तो खरं बोलतो.
वाढतो तेव्हा आकाशात
'क्रेसिएन्ते'चं पहिलं अक्षर स्वच्छ काढतो.
पण चंद्रावर कुणाचं लग्न ठरत नाही.

मग मी त्याला पुस्तकात नसलेलं सांगितलं.
तिकडे, याच अंशावर,
मेंढा पाऊण तासात क्षितिजावरून उडी मारून मोकळा होतो.
आपल्याकडे त्याला वर चढायला
जवळजवळ तीन तास लागतात,
गुडघे टेकत, दम खात.
तुझी मुलगी त्या चढणीत जन्मली आहे.

"तीनच तास?" तो म्हणाला,
"यानेतला विचारा.
मंगळवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या होत्या."

यावर माझ्याकडे कोष्टक नव्हतं.

पत्रिका पातळ कागदावर काढते मी, पूर्व डावीकडे,
बाबा काढत तशी, त्यांचे बाबा काढत तशी,
दक्षिणेला तोंड करून बसणाऱ्या माणसांसारखी.
एलेउतेरिओने ती उचलली,
उत्तरेच्या खिडकीपाशी नेली,
आणि काय मनात आलं कोण जाणे, उलटी धरली,
शाई काचेकडे, कोरी बाजू स्वतःकडे.
उरलासुरला उजेड कागदातून आला.
"असं बरोबर वाटतं," तो म्हणाला.

मी चष्मा घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.
पूर्व उजव्या हाताला आली होती,
जिथे सामुद्रधुनी आहे, जिथे बोटींचे दिवे लागत होते.
मध्यान्हीचा बिंदू वर,
जिथे आमचा सूर्य दुपारी खरोखर असतो.
अंक उलटे, शनी उलटा,
माझं नाव, सोर्का मारुसिच, उलटं.
मेषेची शिंगं तेवढी
दोन्हीकडून सारखीच दिसत होती.

त्याने अर्धे पैसे दिले,
अर्ध्याचं मांस शनिवारी आणीन म्हणाला.
कागद घडी करताना
कुठली बाजू आत घालायची ते विचारलं.
मी म्हटलं, तुझी मुलगी आहे,
तूच ठरव.