दोन बोटं

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, तिसऱ्या वळणाला
माझं शिलाई मशीन.
मार्चमध्ये शाळा उघडतात तेव्हा
अख्ख्या गल्लीचे निळे गणवेश माझ्याकडे येतात.
सुट्टीत मुली वाढलेल्या असतात:
उसवायचं, सोडायचं, लांबवायचं.

रायेनचा आला जूनमध्ये, ऐन थंडीत.
"कमरेत घे, आई. दोन बोटं."

टेप लावली. तिनं पोट आत ओढलं
हल्ली आरशासमोर ओढते तसं,
आणि श्वास सोडला तेव्हा
पुदिन्याच्या गोळीखालून तो वास आला.
मी बोलले नाही.
तोंडात टाचण्या होत्या.

ती गेल्यावर खिसा उलटा केला.
कोपऱ्यात तंबाखूचा चुरा, चहापत्तीसारखा,
आणि वहीचा चतकोर कागद:
वारांपुढे आकडे, उतरत गेलेले.
बुधवारी "अर्धा पाव", त्यावर काट.
खाली यारित्साचं गोल गोल अक्षर:
तलफ येईपर्यंत कळ काढ,
मग भूक लागतच नाही.

कोपऱ्यावरचा म्हातारा एलादियो सुट्या विकतो,
पेन्सिलींसारख्या डब्यात उभ्या करून.
मलाही त्यानंच विकल्या होत्या.
पंधराव्या वर्षी मामी जेवताना म्हणाली,
"पोरगी गोल झालीय."
एवढंच. सगळे हसले, मीही हसले.
मामी कधीच गेली.
माझी दोन बोटं अजून पिवळी आहेत.

आणि जानेवारीत,
भाचीच्या लग्नाचा झगा रायेनला घालून बघताना
मी म्हणाले होते, "चेन वर जात नाही गं."
तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या.

दोन बोटं घेतली. सरळ टीप मारली.
एरवी आतलं कापड कापून टाकते,
शिवण सपाट बसते, गिऱ्हाईक खूश होतं.
कात्री उचलली, ठेवली.
माया तशीच राहू दिली, दोन्ही बाजूंना.
जाड लागेल तिला. कदाचित टोचेल.
विचारील, हे कापलं का नाहीस?

काय सांगायचं ते अजून जमवतेय.
पाव गरम करायला ठेवलाय, पूर्ण, अर्धा नाही.
बाहेर जिन्यावर तिची पावलं येतायत,
आणि थांबली,
बरोबर त्याच पायरीवर,
जिथे मी धाप टाकायला थांबते.
काडी ओढल्याचा आवाज.
वारा फार आहे. दुसरी काडी.