विसावा ठिपका

घणसोलीत, तळमजल्याच्या गाळ्यात,
झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स, बायोडेटा
अशा पाटीखाली मी बसतो.
परवा एजंट कर्णावट आले,
पेनड्राइव्ह काउंटरवर आपटून म्हणाले,
बावीस मजले आहेत, काडेपेटीएवढे करून द्या,
कार्डाच्या कोपऱ्यात मावले पाहिजेत.

फोटो चांगला होता. ड्रोनने काढलेला, सकाळचा,
सहा हजार ठिपके रुंद.
खिडकीखिडकीला ग्रिल, सळई न् सळई मोजून घ्यावी,
आणि अकराव्या मजल्यावर
कुणा रंगाऱ्याने वाळत टाकलेला
हिरवा टॉवेल.

तीनशेवर आणायचा म्हणजे
विसांतला एक ठेवायचा, एकोणीस सोडायचे.
घाईत होतो. नुसता आकडा टाकला, एंटर.

बिल्डिंगवर पाणी चढलं.

लाटा. राखाडी, वाकड्या, एकीच्या पाठीला दुसरी,
पार्किंगपासून वरच्या टाकीपर्यंत,
जिथे एक रेघ वाकडी नव्हती तिथे.

असं का होतं ते मला येतं.
सळया दर एकोणिसाव्या ठिपक्यावर, मी उचलतो दर विसावा.
दर खेपेला एक ठिपका पुढे सरकतो,
आधी सळई, मग तिची कड, मग फट, फट, मग परत सळई,
आणि त्या सरकण्याचीच
डोळा एक संथ लाट करतो.
लाट भिंतीवर नसते. मोजणीत असते.

वैजयंता आमच्याकडे बिलं बघते.
तिचे वडील, आत्माराम घरत, तिचा डबा घेऊन आले होते.
माझ्या खुर्चीमागे थांबले, चष्मा कपाळावर.
"भरतीचं पानी कवा आयलं हिकरं?"

पाणी नाही बाबा, ती हसली, फोटो बिघडलाय.

"बिघरला?"
त्यांनी बोट पुढे केलं, काचेला न लावता,
एका लाटेवरून हळूहळू फिरवलं,
चौथ्या मजल्याशी थांबवलं.
"हिथं उघारी होती."

मी समजावायला गेलो:
काका, जाळ्यासारखं आहे बघा.
भोकं मोठी झाली की बारीक ते निसटणारच.

त्यांनी मान हलवली.
"जाल्यातनं सुटलेला जवला सुटला.
तो घोल होऊन परत येत नाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कारण इथे नेमकं तेच झालं होतं.

मग मी पुस्तकातलं केलं. मागे गेलो.
लहान करण्याआधी धूसर केला,
प्रत्येक ठिपक्याला शेजारच्या विसांची सरासरी.
सळया एकमेकींत विरघळल्या.
टॉवेल हिरवट शंकेइतका उरला, मग तोही नाही.
आता तीनशे. एंटर.
स्वच्छ, करडी, उभी बिल्डिंग,
कुठल्याच मजल्यावर काही नाही.
कर्णावट फोनवर म्हणाले, एकदम क्लीन.
एकशेवीस रुपये झाले.

काकांना दाखवावं म्हणून वळलो, बघा, नव्हतीच लाट.
डबा काउंटरवर होता, ते निघाले होते.
मे महिना, रस्ता कोरडा ठणठणीत,
आणि डिव्हायडरपर्यंत ते
लेंगा दोन्ही हातांनी वर धरून,
पाऊल चाचपत,
चालत गेले.