समर

सळईचा दर मला तोंडपाठ आहे, टनाला किती,
वाळूचा, खडीचाही.
कंत्राटदारानं फुगवलेलं मोजमाप
लाल पेनानं मी अर्ध्या तासात पकडतो.
पण लाकूडफाट्याचा भाव काय चाललाय
हे सोहारमध्ये कुणाला विचारायचं?

कुसाआत्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या.
पिशवीत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा,
आणि लुगड्यात गुंडाळलेली मातीची शेगडी,
जिचा काठ विमानातच उडाला.
हीटरकडे बघून म्हणाल्या,
"ह्याची ऊब वरवरची. हाडापर्यंत जात नाही.
लाकडं आण. निखारा पाहिजे."

शुक्रवारी बुरैमीच्या रस्त्याला
वादीचं वळण संपतं तिथे
एक पांढरी पिकअप, मागचं फळकं पाडलेलं.
दोन ढीग. मधे मुसब्बह,
डोक्याला शाल, मांडीशी थर्मास.
डावा ढीग मोळीला एक रियाल. उजवा अडीच.

लाकूड ते लाकूड.
मी सवयीनं डाव्याकडे वळलो
आणि वर पाव रियाल तोडला.
तो हसला नाही, चिडला नाही.
मोडक्या हिंदीत विचारलं,
पार्टी कुठल्या किनाऱ्यावर, मांस किती, माणसं किती.
म्हटलं, मांस नाही.
माणूस एकच. अकरा दिवसांचं.
अजून तीन किलो भरत नाही.

त्यानं माझ्या हातातली मोळी काढून घेतली.
तिच्यातली काटकी मोडून माझ्या नाकाशी धरली.
वास ओळखला मी. वेडी बाभूळ.
आमच्या माळावर माजलेली, इथेही तशीच.
"ही उडते," म्हणाला, बोटांनी ठिणगी दाखवत.
"धूर डोळ्यात जातो. बकरा भाजायला ठीक."
मग उजवीकडचे दोन ओंडके एकमेकांवर आपटले.
टण्ण.
कल्हई केलेल्या भांड्यासारखे वाजले.
"हे समर."

मी म्हटलं, आमच्या भाषेत समर म्हणजे लढाई.
"मग लढ," तो म्हणाला, "पण अडीचच्या खाली येणार नाही.
हिरवं मी तोडत नाही. पडलेलं शोधतो.
एका मोळीला दोन दिवस जातात.
आणि हा गुडघा."

गुडघ्याचा दर
माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही.
तरी मी थोडा वेळ गप्प उभा राहिलो,
बाळाचं ऐकून अर्धा सोडेल या आशेवर.
त्यानं कॉफी ओतली, मला दिली,
भाव होता तिथेच ठेवला.

शेगडी केवढी, त्यानं विचारलं.
हातानं दाखवली.
त्यानं कुऱ्हाड काढली आणि वीतभर कांडकी केली,
प्रत्येक घावाआधी लाकडाची रेघ बघून.
फोडणावळ दोनशे बैसा वेगळी.
पाच रियाल दोनशे. मी मोजून दिले
आणि पावती मागायचं विसरलो.

घरी आधी धुराचा अलार्म बोंबलला.
मग वॉचमन बशीर धावत वर आला.
मग शेगडी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला,
मी हातात बादली घेऊन पहाऱ्यावर.
समर सावकाश पेटलं.
ठिणगी नाही, तडतड नाही,
आणि निखारा असा, आतून बघत असल्यासारखा.
आत्यांनी परडीत ओवा घातला, निखाऱ्यावर झाकला,
दुपट्यातलं ते लालबुंद गाठोडं धुरीवरनं फिरवलं.
ते शिंकलं. पुन्हा शिंकलं.
बायको पायऱ्यांवर बसून हसत होती, टाक्यांवर हात धरून.

"केवढ्याला?"
सांगितलं.
"महाग," आत्या म्हणाल्या.
उरलेले निखारे पाण्यात टाकून विझवले,
कोळसे उद्यासाठी कठड्यावर पसरले,
मग कांडकी मोजायला बसल्या.
दोनदा मोजली.
"एवढ्यात सव्वा महिना निघायचा नाही.
पुढच्या शुक्रवारी जा.
ह्याच माणसाकडे."