नऊ वाजताची वही

वेरिंगीत रोज सकाळी नऊला
कुणीतरी पोस्टाच्या मागच्या अंगणात जातं,
तांब्याच्या मोजपात्रात डोकावतं
आणि वहीत लिहितं.
बहुतेक वेळा लिहितं : शून्य.

पहिलं शून्य एबनेझर ट्रेवार्थाचं.
टाकानं काढलेलं, फुगीर, ऐसपैस,
जणू उद्या त्यात काहीतरी साठवायचंच आहे.
समासात त्यानं टिपलंय :
नांगरामागोमाग पाऊस येतो, असं सरकारी माणूस म्हणाला.
आम्ही नांगरतो आहोत.

पुढची सात पानं नांगर एकटाच चाललाय.

मोजपात्र गुल शेरच्या उंटावरून आलं.
त्याच खेपेत पियानो.
त्याचे तीन सूर वाटेतल्या वाळूत सांडले,
ते हॉलमध्ये आजही वाजत नाहीत.
नाचताना त्या जागी आम्ही पाय आपटतो.
बाहेरून सून आली की पहिल्या वर्षी चुकते.

मार्च १८८२. विहीर आटली.
नेली नावाच्या बाईनं कोरड्या ओढ्यात
हातभर उकरून पाणी दाखवलं.
नेली हे तिचं नाव नव्हतंच,
असं डलसी सांगते. शाळेची बस चालवते ती,
त्याच बाईच्या नातवंडा-पतवंडांतली.
खरं नाव विचारलं तर गिअर बदलते.
म्हणते, ते वहीसाठी नाही.

मग योहाना नॉस्केचं अक्षर, किरटं, उजवीकडे कललेलं.
आणि एकाएकी, १९१६ मध्ये, पाच महिने कोरे.
तिचं आडनाव जर्मन, म्हणून वही काढून घेतली,
आणि दुसऱ्या कुणाला लिहायची आठवण राहिली नाही.
त्या पाच महिन्यांत पाऊस किती झाला, कुणाला ठाऊक.
गहू मात्र रग्गड झाला, पोती ठेवायला जागा नव्हती.
म्हणजे पडलाच असणार.
हॉलमधल्या पाटीवर तिच्या मुलाचं नाव आहे,
आमच्याच बाजूनं लढून मेलेल्यांत.
वही तिला परत दिली तेव्हा कोण काय बोललं,
ते समासात नाही.

तिचा नातू क्लॅरी मिलिमीटर मानायचा नाही.
इंचाचे शंभर भाग, त्यातला एक म्हणजे एक पॉइंट,
ह्यापुढं त्याचं गणित गेलं नाही.
नव्या मापानं पाऊस वाढतो का, विचारायचा.
मरेपर्यंत पॉइंटांत लिहिलं त्यानं,
आणि शेजारी, त्याच्या नकळत, पेन्सिलीनं मिलिमीटर मी.

मी लिनेट ट्रेविन. सायलोच्या वजनकाट्यावर असते.
माझ्या पानांवर बँक गेली, रेल्वे गेली,
फुटबॉलचा संघ शेजारच्या दोन गावांत मिसळला.
जर्सीवर आता तीन रंग,
आमचा फक्त बाहीवर.
शाळेत अकरा मुलं. डलसीच्या बसमध्ये प्रत्येकाला खिडकी.
सायलोवर आता यंत्र बसवलंय,
ते स्वतःच मोजतं, स्वतःच कळवतं.
कार्यालयाचं पत्र आलं, आभाराचं, छापील.
ते मी वहीतच ठेवलंय, खूण म्हणून.

आणि हे सांगायचं राहिलं :
एकदा मी खोटं लिहिलं.
दुष्काळाचं तिसरं वर्ष, जुलै.
केल्विन हार्टिग रोज येऊन वही बघायचा,
मेंढ्या विकून झाल्या होत्या, कुत्र्यांचं बोलणं चाललं होतं.
मोजपात्रात एक मेलेली माशी, बाकी काही नाही.
मी लिहिलं : दोन.

त्यानं वाचलं. टोपी काढली, परत घातली.
बाहेर धुळीत त्याची गाडी उभी होती,
काचेवर बोटानं लिहिता येईल एवढी धूळ.
म्हणाला, "माझ्याकडे अडीच पडला, लिनेट."

तेही लिहून ठेवलं मी.