तंग

सांक नदीच्या घळींत रस्ता संपतो
तिथं गजाधरसिंह तोमरांनी खाट टाकली,
म्हणाले, बसा. लश्करचे मराठे ना तुम्ही?
दोनशे वर्षं ग्वाल्हेरात काढली आम्ही,
तरी बोलण्यातला ळ पकडून देतो.

नकाशावाले ही जमीन कोरी सोडतात.
पाण्यानं कुरतडलेली माती,
करीलची झुडपं, बाभळी,
आणि एका माणसापुरत्या वाटा.

बादशाही फौज त्या टेकाडावर उतरलेली,
ते सांगू लागले, जणू परवाच.
दोन हजार स्वार, सारा वसूल करायला.
इकडे उदोतसिंहाकडे सत्तर माणसं,
त्यातली अर्धी तापानं फणफणलेली.
तर लढले नाहीत.
रात्री पोटावर सरपटत गेले
आणि खोगिरांचे तंग तेवढे कापून आणले.
घोडे तिथंच. तलवारी तिथंच.
पहाटे नगारा झाला,
पहिल्या स्वारानं रिकिबीत पाय घातला
आणि खोगिरासकट खाली आला.
मग दुसरा. मग रांगच.

मी हसलो. ते हसले नाहीत.
"दुपारपर्यंत त्यांनी आमची चार गावं जाळली.
चालत जाऊन.
भाट एवढं सांगत नाहीत."

आणि तंगांचं काय झालं?
केसरकुँवरनं एकाला एक शिवून
मोटेचा नाडा केला.
विहिरीवर सुना अजून दोराला तंग म्हणतात.
आता तो नायलॉनचा आहे, निळा.

मला राहवलं नाही. म्हटलं,
आमच्यात याला गनिमी कावा म्हणतात.
त्यांनी चिलीम झटकली.
"गनीम म्हणजे कोण?"
शत्रू, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता जीभ जड झाली.
ते घळीकडे पाहत राहिले बराच वेळ.
एक मोर उतरला, गेला.
"मग तुमचे आले. तेही साऱ्यालाच.
चाळीस तंग त्यांचेही गेले इथून."

सूनबाईनं ताक आणलं. प्यालो.

घरी माळ्यावर एक खोगीर आहे,
कुणा बारगीर पूर्वजाचं.
लहानपणी त्यावर बसून
मी रोज दिल्ली जिंकायचो.
ते नेहमी एका अंगाला कलायचं
आणि मी पडायचो.
बाबा म्हणत, वाळवीनं खाल्लंय.

मी कधी वाकून खाली पाहिलं नव्हतं.