शिल्लक

ताळगावच्या पठारावर, प्रशासन इमारतीतल्या तक्त्यात
‘व्हॉलीबॉल (महिला), प्रशिक्षक’ या ओळीपुढे
सहा वर्षं एकच शब्द आहे: रिक्त.

तो रिक्त रोज साडेचारला
कुर्टीहून दोन बस बदलून येतो,
पंपाने चेंडूत हवा भरतो,
पोरींच्या गुडघ्यांना बर्फ लावतो.
बर्फ मासळीच्या टेम्पोवाल्याचा, मागून आणलेला,
म्हणून आमच्या संघाला वास बांगड्यांचा.

हॉल संध्याकाळी भाड्याने, बॅडमिंटनच्या मंडळींना.
आम्ही बाहेर, तांबड्या धुळीत.
पाचनंतर दोना पावलाकडून वारा उठतो
आणि आमची सर्व्हिस त्याच्याकडूनच शिकते
कुठे वळायचं ते.

उर्शिला वेळीप. सेटर. केपेच्याही पलीकडची.
रसायनशास्त्र, तिसरं वर्ष, हजेरी एकाहत्तर टक्के.
पंचाहत्तर लागते.
चार टक्क्यांसाठी मी उभी राहिले विभागाच्या दारात
शेजारणीकडे वाटीभर मीठ मागावं तशी.
बाई म्हणाल्या, हजेरीचं बघते,
प्रॅक्टिकल मात्र हलणार नाही.
तेवीस ते पंचवीस.
स्पर्धाही तेवीस ते पंचवीस.

अकराजणी गेलो.
सेटरच्या जागी प्रिस्का कुलासो,
उंच, मायाळू, बोटं जड.
पाचवा सेट. तेरा-पंधरा.
परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही,
फक्त संज्योतने फोनवर विचारलं,
‘‘गुलाबी रंग टिकला गं?’’
पलीकडून: ‘‘एक थेंब जास्त पडला.’’

लेखा विभागात शिरोडकरांनी पावत्या लावल्या,
टाचणी ओठांत धरून हिशेब केला.
मंजूर बारा, जेवल्या अकरा.
चारशे वीस गुणिले तीन.
‘‘बाराशे साठ शिल्लक. चलन भरा, मॅडम.
बघा, यंदा तुमची बचत झाली!’’
खरंच आनंद झाला होता त्यांना.
माझं तीन महिन्यांचं मानधन
त्याच टेबलावर, खालून दुसऱ्या फायलीत.

बँकेच्या स्लिपवर ‘तपशील’ची चौकट
दोन बोटं रुंद.
काय मावणार तिच्यात?
मी लिहिलं: न वापरलेले.
क्लार्कने वाचलंही नाही, शिक्का मारला.

मैदानावर पोचले तर
उर्शिला नेटचं भोक सुतळीने शिवत बसलेली,
मांडीवर जर्नल, टोक दातांत,
त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले:
‘‘मॅडम, वारा उठला.’’